काच एक, मतं दोन

आयर्लंडमध्ये हॉस्पिटलचं पत्र अजूनही पोस्टाने येतं. बाकी सगळं मोबाईलवर, पण हे मात्र पांढऱ्या लांबट पाकिटातून, दाराच्या फटीतून आत सरकवलेलं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगला बसायच्या आधी मी ते पाकीट फोडलं. दोनच परिच्छेद होते. पहिल्यात माझी कोलोनोस्कोपी व्यवस्थित पार पडल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूकडून घेतलेल्या एका तुकड्याचा रिपोर्ट 'इनडेफिनिट फॉर डिस्प्लेशिया' असा आला आहे, आणि काचा दुसऱ्या तज्ज्ञाकडे मतासाठी पाठवल्या आहेत.

इनडेफिनिट. म्हणजे नक्की सांगता येत नाही.

मी कॉर्कमध्ये राहतो. या गावाशी आमच्या धंद्याचं जुनं नातं आहे. जॉर्ज बूल १८४९ मध्ये इथल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. खरं किंवा खोटं, एक किंवा शून्य, या त्यांच्या तर्कशास्त्रावर पुढे सगळं संगणकशास्त्र उभं राहिलं. आजही इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. पंधरा वर्षं मी याच 'खरं की खोटं'वर पोट भरतोय. आणि माझ्याच आतड्याबद्दल उत्तर आलं होतं ते ना खरं, ना खोटं. डेटाबेसमध्ये ज्याला आम्ही 'नल' म्हणतो, ते.

संध्याकाळी बार्शीला फोन लावला. तिथे रात्रीचे साडेअकरा झाले होते, पण अण्णा जागेच होते. आईला काही सांगायचं नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नक्की नाही म्हणजे काय? दुर्बिणीखाली बघितलं ना त्यांनी?"

"बघितलं अण्णा."

"मग दिसलं की नाही दिसलं?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण पुढचे पाच महिने मी त्याचंच उत्तर शोधत होतो.

आतड्यातला जुना जाळ

माझ्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्यात तो पहिल्यांदा उगवला. आधी सगळ्यांना वाटलं मेसचं जेवण बाधलं. मग मूळव्याध झाली असेल असं वाटलं. वजन अकरा किलो उतरल्यावर कोलोनोस्कोपी झाली तेव्हा कळलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, औषधाने त्या भरतात, पुन्हा कधीतरी उसळतात. शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या अस्तरावर उलटते, एवढं आज माहीत आहे. कायमचं बरं करणारं औषध अजून नाही, पण आटोक्यात ठेवणारी औषधं चांगली आहेत. मी नोकरी करतो, मुलीला शाळेत सोडतो, रविवारी क्रिकेटही खेळतो.

पण या आजाराचा एक लांबचा धोका असतो. वर्षानुवर्षं जळत राहिलेल्या अस्तरात कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. ब्रिटनमधल्या जेन ईडन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता: आजाराला १० वर्षं झाल्यावर सुमारे २ टक्के, २० वर्षांनी ८ टक्के आणि ३० वर्षांनी १८ टक्के. नंतरच्या काळात औषधं आणि तपासणी सुधारल्यावर आलेले आकडे बरेच कमी आहेत. तरीही आजाराला आठ-दहा वर्षं झाली की ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करायची आणि अस्तराचे बारीक तुकडे तपासायचे, हा जगभरचा रिवाज आहे.

हे तुकडे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. ते मेणात बसवतात, केसापेक्षा कितीतरी पातळ कापतात, काचेवर ठेवून गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतो. तो कॅन्सर शोधत नसतो, कॅन्सरच्या आधीची पायरी शोधत असतो. तिचं नाव डिस्प्लेशिया. पेशींचं केंद्र मोठं आणि गडद झालंय का, एरवी शाळेच्या रांगेसारख्या तळाशी ओळीत उभ्या असणाऱ्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढल्यात का, हे तो पाहतो.

आता यातली खरी अडचण ऐका. सूज येऊन गेल्यावर जखम भरताना नव्या पेशी घाईघाईने तयार होतात. त्यांचीही केंद्रं मोठी आणि गडद दिसतात, रांगही विस्कटलेली असते. म्हणजे घर दुरुस्तीला काढलंय की घर पडायला आलंय, हे एका फोटोवरून ओळखायचं. दोन्हीकडे विटा विस्कटलेल्याच असतात.

म्हणून १९८३ मध्ये रॉबर्ट रिडेल आणि त्यांच्या सहकारी तज्ज्ञांनी एक वर्गवारी ठरवली. ती थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. डिस्प्लेशिया नाही, नक्की सांगता येत नाही, आहे पण सौम्य, आहे आणि तीव्र, असे ढोबळमानाने चार कप्पे. तुम्ही कुठल्या कप्प्यात पडता, त्यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्यात असाल तर एक-दोन वर्षांनी पुन्हा या. शेवटच्यात असाल, आणि दुर्बिणीतून काढून टाकता येईल अशी वेगळी गाठ दिसत नसेल, तर मोठं आतडंच काढायची चर्चा सुरू होते.

मी दुसऱ्या कप्प्यात होतो.

अण्णांचे पेपर

अण्णा बार्शीच्या एका हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं मराठी शिकवायचे. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घरी दहावीच्या पेपरांचे गठ्ठे यायचे. समोरच्या खोलीत आम्हा मुलांना प्रवेश बंद. तपासलेले पेपर मग मॉडरेटरकडे जायचे. मॉडरेटर त्यातले काही पुन्हा तपासायचा, आणि फार फरक दिसला की अण्णांना बोलावणं यायचं.

मी त्यांना माझा आजार याच भाषेत समजावला. "अण्णा, समजा एकच निबंध. तुम्ही दिले सहा, मॉडरेटरने दिले चार. बरोबर कोण?"

"दोघेही. निबंध आहे तो, बेरीज नाही."

"आणि शंभरपैकी शंभर गुण घेणारा, किंवा कोरा पेपर देणारा?"

"तिथे कशाला भांडण? भांडण मधल्याचंच असतं. पस्तीसच्या अलीकडे-पलीकडे."

पॅथॉलॉजीचं अगदी हेच आहे. ठणठणीत अस्तर आणि उघड उघड तीव्र डिस्प्लेशिया, इथे बहुतेकांचं जमतं. भांडण मधल्या दोन कप्प्यांचं, 'नक्की नाही' आणि 'सौम्य'. आणि रुग्णाचं आयुष्य नेमकं याच मधल्या रेघेवर अडकलेलं असतं.

हे एकमत मोजायची एक पद्धत आहे. तिचं नाव कप्पा, ग्रीक अक्षरावरून ठेवलेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ती मांडली. तिची गंमत अण्णांच्या गठ्ठ्यावरूनच सांगतो. समजा शंभर पेपर आहेत. दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात आणि प्रत्येकजण ९० पास, १० नापास करतो. दोघांचं १०० पैकी ८६ पेपरांवर जुळलं. ऐकायला छान वाटतं, ८६ टक्के! पण दोघांनीही पेपर न वाचता डोळे मिटून ९० पास केले असते, तरी निव्वळ योगायोगाने ८२ पेपरांवर जुळलंच असतं. म्हणजे खरी कमाई फक्त चारची, आणि कमावण्यासारखे होते अठरा. चार भागिले अठरा, ०.२२. हा झाला कप्पा. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. ०.२१ ते ०.४० ला जाणकार 'बेताचं' एकमत म्हणतात, ०.६१ च्या वर गेलं की 'भरीव'.

आता कोलायटिसमधल्या डिस्प्लेशियाचं ऐका. ईडन यांच्याच गटाने २००१ मध्ये पोटविकारांत मुरलेले पॅथॉलॉजिस्ट आणि सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्ट अशा दोन्ही गटांना त्याच त्या काचा दाखवल्या. दोन्ही गटांचा कप्पा ०.३ च्या आसपास. म्हणजे तज्ज्ञांचं आपापसांतलं एकमतही बेताचंच, आणि सर्वसाधारण मंडळींपेक्षा फार वेगळं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको म्हणाली, "अरे, तू असलं काही वाचत जाऊ नकोस." पण ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधायचा पगार मिळतो, तो स्वतःच्या रिपोर्टवर बोट न ठेवता राहील कसा?

चित्र बिघडलं की नजर?

माझ्या मनात पहिला संशय आला तो यंत्रावर. क्लिनिकमध्ये आयबीडी नर्सने सांगितलं होतं की, माझ्या काचा स्कॅन करून दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाला पडद्यावर दाखवणार आहेत. मी मनात म्हटलं, झालं! मूळ काचेवर एक माणूस गोंधळला, आता दुसरा फोटोवर गोंधळणार.

मग थोडा हिशेब केला. दीड सेंटिमीटर लांब-रुंद भाग मोठ्या ताकदीवर स्कॅन केला, तर एका बाजूला साधारण ६० हजार ठिपके येतात. म्हणजे एका चित्रात साडेतीन अब्जांहून जास्त ठिपके. दाबून लहान केलं नाही, तर दहा जीबीच्या वर जाणारी फाईल. ती पडद्यावर येते ती गूगल मॅप्ससारखी, चौकोनी तुकड्या-तुकड्यांनी. लांबून अख्खं गाव दिसतं, जवळ जाल तशी गल्ली उघडते. एकच उणीव म्हणजे मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवून वरच्या-खालच्या थरांत डोकवायची सोय त्यात सहसा नसते, कारण बहुधा एकच थर स्कॅन झालेला असतो.

या शंकेचा अभ्यास लोकांनी केलेला आहे. २००२ मध्ये रॉबर्ट ओड्झे आणि सहकाऱ्यांनी नेमका माझाच प्रश्न घेतला होता: अल्सरेटिव्ह कोलायटिसमधला डिस्प्लेशिया, काचेऐवजी इलेक्ट्रॉनिक चित्रांवरून, वेगवेगळ्या पॅथॉलॉजिस्टनी ओळखायचा. एकमत बेताचंच निघालं. म्हणजे काचेवर जे दुखणं होतं, तेच चित्रावर. पुढे पूर्ण काच स्कॅन करणारी यंत्रं आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये रोजच्या निदानासाठी अशा पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात १,९९२ रुग्णांचे नमुने १६ पॅथॉलॉजिस्टनी काचेवर आणि पडद्यावर, दोन्हीकडे वाचले. मूळ निदानापासून मोठी तफावत पडद्यावर ४.९ टक्के, काचेवर ४.६ टक्के. फरक नगण्य.

म्हणजे यंत्राला दोष देऊन सुटता येत नाही. चित्र स्वच्छ आहे. धूसर आहे ती दोन कप्प्यांमधली रेघ, आणि ती निसर्गानेच धूसर ठेवली आहे. पेशी काही पाटी लावून कप्पे बदलत नाहीत.

हे शोधताना एक गोष्ट हाती लागली आणि मी खुर्चीतून उठलोच. २००४ मध्ये भारतीय पॅथॉलॉजिस्टांच्या नियतकालिकात एक लेख आला होता: मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटल यांच्यातली टेलिपॅथॉलॉजी सेवा, पहिल्या १०० केसेसचा आढावा. आमच्या बार्शीचं! ज्याला गावात सगळे नुसतं 'कॅन्सर हॉस्पिटल' म्हणतात, तेच. बार्शीत मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून काचेवरच्या निवडक जागांचे फोटो काढायचे, ते मुंबईला पाठवायचे आणि परळमधल्या तज्ज्ञांनी मत द्यायचं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे शाळेत असताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांना सांगितलं, तर ते दोन क्षण गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तू सात समुद्र ओलांडून जे करून घेतोयस, ते इथे स्टँडच्या पलीकडे चालू होतं?"

फरक एवढाच की, तेव्हा पाठवणारा जो भाग निवडेल, तोच मुंबईला दिसायचा. निबंधाचा एकच परिच्छेद मॉडरेटरला दाखवण्यासारखं. आता अख्खा पेपर जातो.

आयर्लंडची जखम

इथल्या माणसांशी 'रिपोर्ट', 'दुसरं मत' असे शब्द बोलताना जपून बोलावं लागतं. त्याला कारण आहे. एप्रिल २०१८ मध्ये विकी फेलन नावाची दोन मुलांची आई डब्लिनच्या हायकोर्टाबाहेर उभी राहून बोलली आणि अख्खा देश हादरला. २०११ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या तिच्या तपासणीची काच 'नॉर्मल' म्हणून वाचली गेली होती. २०१४ मध्ये तिला कॅन्सर निघाला. त्यानंतर जुनी काच पुन्हा तपासली, तेव्हा पहिलं वाचन चुकीचं ठरलं. पण हे तिला कळलं २०१७ मध्ये. तिने गप्प राहण्याची अट नाकारून २५ लाख युरोंची तडजोड स्वीकारली आणि बोलली, म्हणून मग कळलं की, अशा दोनशेहून जास्त बायका आहेत आणि बहुतेकींना काहीच सांगितलेलं नाही. सरकारने नेमलेल्या डॉ. गॅब्रिएल स्कॅली यांच्या अहवालाने याला सगळ्या व्यवस्थेचंच अपयश म्हटलं. विकी नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली, ४८ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी, गंभीर चुका रुग्णाला सांगणं बंधनकारक करणारा कायदा इथे झाला.

रूथ मॉरिसी या दुसऱ्या एका बाईच्या खटल्यात प्रश्न आला तो थेट माझ्या विषयाचा. काच वाचणाऱ्याने 'नॉर्मल' कधी म्हणावं? कोर्टाने उचलून धरलेला निकष असा की, मनात शंका नसेल तरच. शंका असेल तर 'नॉर्मल' लिहू नये. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. त्यावर डॉक्टरांमध्ये बरीच खळबळ झाली, कारण चाळणी तपासणीत थोडं निसटणारच, हे शास्त्रच आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. आधीच्या काचा पुन्हा बघणाऱ्याला पुढे काय झालं ते माहीत असतं, आणि निकाल माहीत असताना पेपर तपासणं सोपं असतं. पण त्या बायकांचा राग नुसत्या चुकीवर नव्हता, झाकाझाकीवर होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझं पत्र पुन्हा काढलं. 'इनडेफिनिट'. आधी हा शब्द मला पळपुटा वाटला होता. आता वाटलं, कुणीतरी माझी काच बघितली, त्याला शंका आली आणि ती त्याने गिळली नाही. लिहून दिली, वर दुसऱ्याला विचारलं. हा पळपुटेपणा नाही. डिस्प्लेशियाचा संशय असेल, तर पोटविकारांतल्या दुसऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतातच. शिवाय इथल्या फिजिशियन्सच्या रॉयल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागाने २००९ पासून देशभर एक गुणवत्ता कार्यक्रम चालवलाय. किती काचा सहकाऱ्याला दाखवल्या, किती निदानं नंतर बदलली, याची नोंद प्रयोगशाळा ठेवतात. अण्णांच्या भाषेत, मॉडरेटरची वही.

एसटीने आलेल्या काचा

मार्चमध्ये कन्सल्टंट म्हणाल्या, "आधीच्या बायॉप्सी बघायला मिळाल्या तर फार मदत होईल." माझी आधीची कोलोनोस्कोपी पुण्यात झाली होती, आयर्लंडला यायच्या आदल्या वर्षी. माझ्याकडे रिपोर्टचा फोटो होता, काचा नव्हत्या. पुण्यातल्या लॅबला दोन मेल केले, उत्तर नाही. फोन केला, तर "पेशंटला पाठवा."

पेशंट कॉर्कमध्ये. मग बहात्तर वर्षांचे अण्णा पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले. मी सही करून पाठवलेलं पत्र, माझ्या आधारची झेरॉक्स, जुना रिपोर्ट, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. तीन तास बाकावर बसले. लॅबवाल्याने तळघरातून सहा काचा आणि मेणाचे तीन ठोकळे शोधून आणले. अण्णा मला फोनवर सांगत होते, "अरे, नखाएवढे आहेत रे ते. आणि हे बघून माणसाचं नशीब ठरवतात!" घरी आल्यावर त्यांनी काचा आईच्या नकळत कापसात गुंडाळून जुन्या चष्म्याच्या घरात ठेवल्या आणि कुरियर केल्या. आईला अर्थातच कळलं. तिने मला फोन करून एकच विचारलं, "अण्णा परवा पुण्याला चष्मा बदलायला गेले होते, तर चष्मा तोच कसा?" मग सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. "मला आधी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाली. झाकाझाकीचा राग काय असतो, ते घरातच समजलं.

सहाही काचा शाबूत पोचल्या. त्याही स्कॅन झाल्या. नव्या-जुन्या चित्रांवर तीन पॅथॉलॉजिस्ट आणि माझ्या कन्सल्टंट एकत्र बसून बोलल्या. एकाने 'नक्की नाही'च ठेवलं. दोघांनी म्हटलं, डिस्प्लेशिया नाही, सूज भरून येतानाचे बदल आहेत, कारण तसेच थोडे बदल जुन्या काचेतही दिसतात आणि इतक्या वर्षांत ते पुढे सरकलेले नाहीत. कन्सल्टंटनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. दोन विरुद्ध एक. मतदानासारखं वाटतं ना? मलाही वाटलं, आणि तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मतांची मोजणी करून मी थांबणार नाही. आधी औषध बदलून सूज पूर्ण खाली आणू आणि मग पुन्हा बघू. धूळ बसली की रस्ता दिसेल."

जुलैमध्ये पुन्हा कोलोनोस्कोपी झाली. सूज नव्हती. या वेळी आतड्यावर निळा रंग फवारून संशयित जागा बारकाईने बघितल्या. बारा तुकडे घेतले. तीन आठवड्यांनी पुन्हा ते पांढरं पाकीट आलं. डिस्प्लेशिया नाही. दोघांनी स्वतंत्रपणे वाचलं होतं, या वेळी दोघांचं जुळलं. पुढची तपासणी एका वर्षाने.

नर्स म्हणाली, "यू आर ग्रँड." आयरिश माणूस हे पायाला ठेच लागल्यापासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याला म्हणतो. पण त्या दिवशी मी ते अक्षरशः घेतलं.

परदेशी असणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्यापैकी अनेकजण अर्धं आयुष्य तिकडे आणि अर्धं इकडे जगतात. तब्येतीचे कागदही तसेच वाटले गेलेले असतात. म्हणून अनुभवातून सांगतो. देश सोडताना पदवीच्या सर्टिफिकेटइतकेच जुने बायॉप्सी रिपोर्ट जपा. काचा आणि मेणाचे ठोकळे कुठल्या लॅबमध्ये आहेत, त्यांचा नंबर काय, ते लिहून ठेवा. लॅब ते कायम सांभाळत नाहीत. आतड्याचा जुना आजार असेल, तर बरं वाटतंय म्हणून ठरलेली तपासणी टाळू नका. आणि डिस्प्लेशिया असा शब्द रिपोर्टमध्ये कुठल्याही स्वरूपात दिसला, तर नम्रपणे विचारा, "पोटविकारांच्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने हे बघितलंय का?" यात डॉक्टरचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

माझे काही मित्र म्हणतात, आता हे सगळं एआय करेल. करेल थोडंफार, मोजायचं, शंकेची जागा दाखवायची काम ते चांगलं करेल. पण मशीनला शिकवायला हजारो काचा लागतात, आणि प्रत्येक काचेवर 'ही अमुक' अशी चिठ्ठी माणसानेच लावलेली असते. चिठ्ठी लावणाऱ्यांचंच मधल्या रेघेवर जमत नसेल, तर मशीन तो मतभेदच पाठ करेल, आणि वर मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. मला त्यापेक्षा 'नक्की नाही' लिहिणारा तो पहिला पॅथॉलॉजिस्ट जवळचा वाटतो. त्याचं नाव मला माहीत नाही.

परवा अण्णांना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि विचारलं, "दोघांनी तपासलाय ना?"

"हो. वेगवेगळा."

"मग ठीक. त्या काचा परत कधी पाठवतोयस? मी लॅबवाल्याला सही देऊन आलोय."